पक्क्या बिलाची गोष्ट

दिल्लीच्या फेडरल कोर्टाला १९३८ च्या डिसेंबरात जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. त्या कोर्टाने निकाली काढलेले पहिलेच प्रकरण नागपूरचे निघाले. मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने त्या वर्षी एक कायदा करून पेट्रोल आणि वंगणतेलाच्या किरकोळ विक्रीवर पाच टक्के कर बसवला होता. मध्यवर्ती सरकार बिथरले. मालावरचे उत्पादनशुल्क हा आपला हक्क, प्रांताने मागच्या दाराने त्यात हात घातला, असा त्याचा आक्षेप. प्रांताचे उत्तर सरळ होते: माल कारखान्यातून बाहेर पडताना तुमचा, दुकानात विकला जाताना आमचा. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर, शाह सुलेमान आणि आपले मुकुंद रामराव जयकर या तिघांनी प्रांताच्या बाजूने कौल दिला.

निकाल पेट्रोलपुरता होता, पण उघडे झालेले दार मोठे होते. १९३५ च्या कायद्याने प्रांतांना विक्रीवर कर लावण्याचा अधिकार दिला होता आणि १९३७ मध्ये सत्तेवर आलेल्या काँग्रेस मंत्रिमंडळांना पैशाची निकड होती. त्यांनी दारूबंदीचा वसा घेतला होता, आणि प्रांतांच्या तिजोरीत अबकारीचा वाटा लहान नव्हता. मद्रासमध्ये राजाजींनी दारूबंदीला सुरुवात केली आणि १९३९ मध्ये सर्वसाधारण विक्रीकर आणला. एका हाताने बाटली सोडायची तर दुसऱ्या हाताला काहीतरी धरायला हवेच होते. मुंबई इलाख्यात हा कर १ ऑक्टोबर १९४६ पासून सुरू झाला. त्यानंतर १९५२, १९५३ असे कायदे बदलत १९५९ चा मुंबई विक्रीकर कायदा आला. तो १ जानेवारी १९६० ला लागू झाला. मे महिन्यात महाराष्ट्र राज्य जन्मले तेव्हा तो चार महिन्यांचा होता. पुढची पंचेचाळीस वर्षे राज्याचा संसार बराचसा त्याच्याच जिवावर चालला.

त्या पद्धतीचा गाभा असा, की कर बहुतेक करून पहिल्या विक्रीवर घ्यायचा. कारखानदाराने किंवा बाहेरून माल आणणाऱ्याने विकला, की कर लागला. पुढे तोच माल घाऊकवाल्याकडून किरकोळवाल्याकडे आणि तिथून गिऱ्हाइकाकडे गेला तरी पुन्हा कर नाही. ऐकायला सोपे. पण सगळा भार एका खांबावर टाकला की लोक त्याच खांबाला सुरुंग लावतात. कारखानदार आपल्याच घरच्या दुसऱ्या पेढीला माल पडत्या भावाने विकी, त्या पडत्या भावावर कर भरी, आणि ती पेढी खरा भाव लावून बाजारात उतरे. कर वाचला आणि कायदाही मोडला नाही. आणि पहिली विक्रीच वहीत आली नाही, तर पुढच्या साखळीत कोणालाही ती शोधून काढण्याची गरज नव्हती. ‘कच्चे हवे की पक्के?’ हा काउंटरवरचा प्रश्न याच बाजारात मुरला. कच्चे म्हणजे चिठोऱ्यावरचा हिशेब, पक्के म्हणजे बी.एस.टी. (मुंबई विक्रीकर) आणि सी.एस.टी. (केंद्रीय विक्रीकर) नंबर छापलेले बिल. गिऱ्हाइकाला पक्क्या बिलाने मिळत काय होते? वाढीव रक्कम.

दुसरा दोष त्याहून खोल होता. कारखान्यातून निघताना मालावर केंद्राचे उत्पादनशुल्क चढे. शुल्क धरून जी किंमत होई तिच्यावर राज्य विक्रीकर लावी. माल शहराच्या वेशीवर आला की जकात नाक्यावर पुन्हा हात पुढे होई. कच्च्या मालावर भरलेला कर पक्क्या मालाच्या किमतीत दडून बसे आणि त्यावर पुन्हा कर लागे. शेवटच्या गिऱ्हाइकाने दिलेल्या शंभर रुपयांत कर नेमका किती, हे अर्थमंत्र्यालाही सांगता आले नसते.

या गुंत्यावरचा तोडगा फ्रान्समध्ये सापडला होता. तिथल्या करखात्यातला अधिकारी मॉरिस लोरे याने आखलेली पद्धत १० एप्रिल १९५४ च्या कायद्याने अमलात आली. त्याची कल्पना समजायला एक लाकडी टेबल पुरेसे आहे. कराचा दर साडेबारा टक्के धरू. लाकूडवाल्याने सुताराला ४०० रुपयांचे लाकूड विकले, ५० रुपये कर घेतला आणि तो सरकारात भरला. सुताराने टेबल करून दुकानदाराला ८०० रुपयांना दिले, कर घेतला १००; पण लाकडावर आपण दिलेले ५० त्यातून वजा करून त्याने सरकारात ५० भरले. दुकानदाराने ते १००० रुपयांना विकले, कर घेतला १२५. सुताराला दिलेले १०० वजा करून भरले २५. पन्नास, पन्नास आणि पंचवीस मिळून सव्वाशे, म्हणजे हजारावरचे बरोबर साडेबारा टक्के. कर तीन ठिकाणी गोळा झाला, करावर कर कुठेच चढला नाही. प्रत्येकाने आपण मालात घातलेल्या भरीपुरताच कर भरला, म्हणून हा मूल्यवर्धित कर, म्हणजेच व्हॅट.

खरी करामत मात्र आकड्यांत नाही. दुकानदाराला १०० रुपयांची वजावट हवी असेल तर सुताराचे पक्के बिल लागणार. सुताराला ५० हवे असतील तर लाकूडवाल्याचे. आजवर बिल मागत होता तो निरीक्षक. आता व्यापारीच व्यापाऱ्याकडे बिल मागू लागणार. प्रत्येकाच्या चोपडीत शेजाऱ्याविरुद्धचा पुरावा आपोआप तयार होणार. इतका स्वस्त पहारेकरी आजवर कोणत्याही सरकारला मिळाला नव्हता.

भारतात ही कल्पना केंद्राच्या वाटेने आली. एल. के. झा यांच्या समितीने सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिची शिफारस केली. १९८६ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंह यांनी उत्पादनशुल्कात ‘मॉडव्हॅट’ आणला. राज्यांचे गाडे मात्र अडले होते. महाराष्ट्राने १९९५ मध्ये आपल्यापुरता मर्यादित व्हॅट लावून पाहिला आणि १९९९ मध्ये गुंडाळला. एकट्या राज्याने असा कर लावण्यात अर्थही फारसा नसतो, कारण साखळीची कडी शेजारच्या राज्यात तुटते. त्यातून राज्याराज्यांत दर कमी करण्याची चढाओढ लागली होती. कारखाना आमच्याकडे आणा, विक्रीकर माफ, असे आवतण जो तो देत होता. आपली ‘सामूहिक प्रोत्साहन योजना’ही त्याच पंगतीत बसलेली. सगळ्यांनीच सवलती दिल्यावर सवलतीचा उपयोग संपतो, तिजोरीतले भोक तेवढे उरते.

१६ नोव्हेंबर १९९९ ला केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी मुख्यमंत्र्यांची परिषद बोलावली. विक्रीकराचे किमान दर सर्वांनी सारखे ठेवायचे, करमाफीच्या सवलती थांबवायच्या आणि मग व्हॅटकडे जायचे, असे तिथे ठरले. पुढच्या वर्षी राज्यांच्या अर्थमंत्र्यांची अधिकारप्राप्त समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद पश्चिम बंगालचे असीम दासगुप्ता यांच्याकडे गेले. कट्टर डाव्या पक्षाचा, अमेरिकेतल्या एमआयटीतून अर्थशास्त्राची डॉक्टरेट घेतलेला हा मंत्री भाजपच्या आघाडीचे सरकार असतानाही त्या खुर्चीवर होता आणि काँग्रेसचे आल्यावरही राहिला. या कराच्या इतिहासात धीर कोणी धरला असेल तर तो याच माणसाने. मुहूर्त तर किती टळले! एप्रिल २००२ ठरला, गेला. एप्रिल २००३ ठरला, तोही गेला. एकट्या हरियाणाने तेवढे धाडस केले. व्यापारी हा त्या वेळच्या सत्ताधारी पक्षाचा जुना पाठीराखा, आणि निवडणूक वर्षावर आलेली.

१७ जानेवारी २००५ ला अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी श्वेतपत्रिका प्रसिद्ध केली. सोन्याचांदीला एक टक्का, औषधे, कच्चा माल, अवजारे अशा सुमारे २७० जिनसांना चार टक्के, बाकी बहुतेक सर्वाला साडेबारा. ४६ जिनसा करमुक्त. वार्षिक उलाढाल पाच लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. पन्नास लाखांपर्यंतच्या छोट्या दुकानदाराला ‘आपसमेळ’ योजना: उलाढालीवर ठोक कर भरा, वजावटीच्या भानगडीत पडू नका. आणि राज्यांना सर्वात हवे असलेले आश्वासन म्हणजे उत्पन्न घटले तर केंद्र भरून देईल, पहिल्या वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी तीन चतुर्थांश, तिसऱ्या वर्षी निम्मे.

फेब्रुवारीत व्यापाऱ्यांनी देशभर बंद पाळला. त्यांच्या तक्रारी आज वाचल्या तर ‘कर चुकवायचा म्हणून ओरड’ एवढ्यावर त्या निकालात काढता येत नाहीत. पहिल्या टप्प्यावरच्या करात किरकोळ दुकानदाराचा खात्याशी संबंध नावापुरता होता. आता तोही साखळीत आला. दर महिन्याला किंवा तिमाहीला विवरणपत्र, खरेदीविक्रीच्या स्वतंत्र नोंदवह्या, प्रत्येक बिल जपून ठेवायचे, चुकले तर दंड आणि व्याज. ज्याचा हिशेब दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या चोपडीत होई, त्याला एकदम करसल्लागाराचे दार दाखवले गेले. मध्य प्रदेश, राजस्थान, गुजरात, छत्तीसगड आणि झारखंड या राज्यांनी एक वर्ष थांबणे पसंत केले. तमिळनाडू २००७ ला आले, उत्तर प्रदेश २००८ ला. महाराष्ट्र आणि गोवा मात्र पहिल्याच दिवशी, १ एप्रिल २००५ ला उतरले. विलासराव देशमुख मुख्यमंत्री होते, अर्थखाते जयंत पाटलांकडे. आपल्या कायद्याचे नाव ‘महाराष्ट्र मूल्यवर्धित कर अधिनियम, २००२’ असे आहे. टळलेल्या मुहूर्तांची खूण त्या नावात तशीच राहून गेली.

नव्या पद्धतीत ३१ मार्चच्या मध्यरात्रीला महत्त्व आले. गोदामात पडून असलेल्या, मागच्या वर्षभरात कर भरून घेतलेल्या मालावर वजावट मिळणार होती, पण यादी आणि बिले असतील तरच. खोक्यांत काय आहे हे ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिले नव्हते, त्यांनाही ती खोकी उघडावी लागली.

मग हळूहळू बाजाराची भाषा बदलली. अकरा आकडी ‘टिन’ नंबर, सुरुवातीला महाराष्ट्राचा २७, शेवटी व्हॅटसाठी ‘व्ही’. ‘दोनशे एकतीस भरला का?’ म्हणजे नेहमीच्या व्यापाऱ्याचे विवरणपत्र. ‘सेटऑफ’ म्हणजे वजावट; हा शब्द मार्केट यार्डातल्या हमालालाही ऐकून पाठ झाला. मोठ्या उलाढालीच्या व्यापाऱ्याला सनदी लेखापालाकडून किंवा परिव्ययलेखापालाकडून नमुना ७०४ मधला लेखापरीक्षण अहवाल द्यावा लागे. त्या ७०४ ने सीएंच्या कचेऱ्यांतली कित्येक तरुण मुले रात्र-रात्र जागवली. त्यातली ‘जे-वन’ आणि ‘जे-टू’ ही जोडपत्रे सर्वात किचकट: पहिल्यात कोणाला किती विकले, दुसऱ्यात कोणाकडून किती घेतले, नंबरवार. माझगावच्या विक्रीकर भवनातल्या संगणकाला एकाचे जे-वन दुसऱ्याच्या जे-टूशी ताडून पाहता येऊ लागले. लोरेने कागदावर मांडलेली पहारेकऱ्याची कल्पना आता यंत्राच्या हाती आली होती.

खात्याच्या दृष्टीने प्रयोग फळला. देशातल्या व्हॅट राज्यांचे उत्पन्न पहिल्याच वर्षी सुमारे चौदा टक्क्यांनी वाढले. ज्या नुकसानीच्या धास्तीने राज्ये पाच वर्षे अडून बसली, ती धास्ती बहुतेकांच्या बाबतीत खोटी ठरली.

पण प्रत्येक बिलावर नियमाप्रमाणे एक प्रमाणपत्र छापावे लागे. आमची नोंदणी विक्रीच्या दिवशी चालू आहे, ही विक्री आम्ही विवरणपत्रात दाखवू, आणि तिच्यावरचा कर ‘भरला आहे किंवा भरला जाईल’, असा त्याचा आशय. बारीक टाइपातले ते ‘किंवा भरला जाईल’ कोणी वाचत नसे. सगळी गोम तिथेच होती.

बिल हेच पैसे झाल्यावर बिलांचा बाजार भरणे क्रमप्राप्त होते. नोंदणी काढायची, टिन घ्यायचा, एक गाळा भाड्याने दाखवायचा आणि माल न देता नुसती बिले विकायची. घेणारा बिलावरचा कर वजावटीत घेई, बिल देणारा कमिशन घेऊन सरकारात काहीच न भरता पसार होई. बाजारात याला ‘हवाला’ म्हणू लागले. खात्याने अशा संशयित विक्रेत्यांची यादी आपल्या संकेतस्थळावरच लावली आणि त्यांच्याकडून बिले घेणाऱ्यांना नोटिसा धाडल्या. त्यांत बनावट बिले जाणूनबुजून घेणारे होते, तसेच खरा माल घेऊन, चेकने पैसे देऊन, करासकट बिल चुकते केलेलेही होते.

कायद्याच्या कलम ४८ (५) मध्ये म्हटले होते, की मालावरचा कर प्रत्यक्ष शासकीय कोषागारात जमा झाला असेल तेवढ्यापुरतीच वजावट. म्हणजे सुताराने कर बुडवला तर दुकानदाराची वजावट गेली, मग त्याने सुताराला शंभर रुपये मोजून दिलेले असोत. कोल्हापूरच्या महालक्ष्मी कॉटन जिनिंग प्रेसिंग अँड ऑइल इंडस्ट्रीजने या कलमाला आव्हान दिले. मे २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कलम वैध ठरवले. वजावट हा जन्मसिद्ध हक्क नव्हे, कायद्याने घालून दिलेल्या अटींवर मिळणारी सवलत आहे, असे त्या निकालाचे तात्पर्य. बुडव्या विक्रेत्याकडून खात्याने वसुली करावी आणि ती झाली की खरेदीदाराला लाभ द्यावा, असा त्यात दिलासा. पळून गेलेल्याकडून वसुली किती होणार, हे ज्याचे त्याने समजावे. पाच वर्षांनी दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या कायद्यातली तशीच तरतूद प्रामाणिक खरेदीदाराला लावता येणार नाही असे म्हटले. मला दिल्लीचा निकाल न्यायाच्या अधिक जवळचा वाटतो. पहारा शेजाऱ्यावर सोपवला हे ठीक, पण शेजाऱ्याने चोरी केली की पहारेकऱ्यालाच शिक्षा, हे पटणे कठीण आहे.

सामान्य माणसाला व्हॅट कळला तो मात्र फ्लॅटमुळे. बांधून होत असलेल्या घराचा करार हा कंत्राटी कामाचा करार ठरतो का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात २००५ मध्ये कर्नाटकातल्या रहेजा प्रकरणात विकासकांच्या विरोधात गेला. महाराष्ट्राने २० जून २००६ पासून कायद्यात दुरुस्ती केली. करवसुलीचे नेमके काय करायचे हे बराच काळ लोंबकळत राहिले. १ एप्रिल २०१० नंतरच्या करारांना एक टक्क्याची सोपी योजना मिळाली. मधल्या पावणेचार वर्षांत ज्यांनी घरे घेतली त्यांना, एप्रिल २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने सरकारची बाजू उचलून धरल्यावर, बिल्डरांची पत्रे येऊ लागली: व्हॅटची रक्कम भरा. पुण्या-ठाण्यातल्या सोसायट्यांच्या त्या वर्षीच्या सभा आठवून पाहाव्यात. घराचा ताबा घेऊन, वास्तुशांत होऊन, हप्त्यांची तीन-चार वर्षे उलटल्यावर आलेला हा कर कोणी भरायचा, यावर खुर्च्या सरकल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लार्सन अँड टुब्रोच्या प्रकरणात करआकारणीचे तत्त्व कायम केले. पैसे कोणाच्या खिशातून जायचे हा झगडा करारातल्या कलमांवर सोडून दिला गेला.

साखळी राज्याच्या सीमेवर तुटते, ही जुनी अडचण व्हॅटनेही सुटली नव्हती. सुरतेहून आणलेल्या मालावर केंद्रीय विक्रीकर लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. सवलतीच्या दरासाठी खरेदीदाराकडून ‘सी फॉर्म’ आणावा लागे, आणि ‘फॉर्म पाठवतो’ म्हणणाऱ्या परगावच्या गिऱ्हाइकाच्या मागे लागण्यात वर्षे जात. हा कर चारवरून २००७ मध्ये तीन आणि २००८ मध्ये दोन टक्क्यांवर आला, तिथेच थबकला. जकातीच्या जागी मुंबई सोडून राज्यातल्या महापालिकांनी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आणला. त्याविरुद्ध पुन्हा दुकाने बंद झाली. ऑगस्ट २०१५ मध्ये तो पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीला माफ झाला. मुंबईची जकात ३० जून २०१७ च्या मध्यरात्री संपली. मुलुंड आणि दहिसरच्या नाक्यांवरच्या ट्रकांच्या रांगा त्या रात्रीनंतर ओसरल्या.

दुसऱ्या दिवशी जीएसटी लागला. केंद्राचे उत्पादनशुल्क, सेवाकर, राज्यांचा व्हॅट आणि जकात एका कढईत आले. राज्यांना पाच वर्षे दरसाल चौदा टक्के वाढीची हमी मिळाली; हे २००५ च्याच भरपाईचे थोरले भावंड. विक्रीकर निरीक्षकाचा राज्य कर निरीक्षक झाला. पुण्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांना याचे काही वाटले नसावे, कारण ‘एसटीआय’ ही आद्याक्षरे होती तीच राहिली. आणि विक्रेत्याने कर भरला असेल तरच खरेदीदाराला वजावट, ही अटही नव्या कायद्यात कलम १६ मध्ये जशीच्या तशी येऊन बसली. कोल्हापूरच्या गिरणीने हरलेला वाद जीएसटीच्या नोटिसांवर नव्याने लढला जाऊ लागला.

कढईत न आलेल्या दोन मुख्य जिनसा म्हणजे मद्य आणि इंधन. राज्यांनी त्या हातच्या जाऊ दिल्या नाहीत. दारूबंदीने पडलेला खड्डा भरायला जन्मलेल्या कराचा भरवशाचा एक आधार आता परमिट रूमचे बिल आहे. आणि नागपुरात ज्या पेट्रोलच्या पाच टक्क्यांवरून फेडरल कोर्टापर्यंत वाद गेला, त्यावर महाराष्ट्रात आज पंचवीस टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे वेगळा अधिभार आहे. वर्धा रोडवर टाकी भरून निघणाऱ्या मालवाहतूकदाराला पंपावर छापील, पक्के बिल मिळते. टायर, सुटे भाग, गॅरेजची मजुरी यांची बिले त्याच्या जीएसटीच्या फायलीत जातात. डिझेलचे बिल मात्र नुसत्या खर्चाच्या फायलीत जाते. त्यातल्या कराची वजावट कुठेच मिळत नाही. तो भाड्यात मिसळतो, आणि भाड्यावर पुन्हा कर लागतो.